६२ घोड्यांची जीप खारदुंगला कशी चढते?

सोलापुरात जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप किंवा मारुती जिप्सी बाळगणाऱ्या माणसाने लडाखचं नाव काढलं की टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला: "एवढ्याशा इंजिनात चढंल का ही?" प्रश्न रास्त आहे. एमएम ५४० मध्ये प्यूजोच्या परवान्याखाली बनलेलं २,११२ सीसीचं डिझेल इंजिन असतं. त्याला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, नाही आणि ताकद ६२ अश्वशक्तीच्या आसपास. आजची साधी हॅचबॅकसुद्धा कागदावर तिच्यापुढे असते. आणि लेहच्या वरची खारदुंगला खिंड आहे ५,३५९ मीटरवर. (तिथल्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. जीपीएसने मोजलं तर १७,५८२ फूट भरतात. खिंडींच्या पाट्या थोड्या फुगवूनच सांगतात.)

तर चढते का? चढते. पण का चढते आणि कुठे अडते, हे समजून घेतलं नाही तर क्लच प्लेट जाळून परत यायची पाळी येते. त्यासाठी आधी एक छोटा हिशोब करू.

एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याची ताकद. दोन माणसं, सामान, डिझेलचे कॅन असं सगळं धरून जीपचं वजन १,६०० किलो धरा. रस्ता शंभर मीटरमागे सहा मीटर चढतो असं समजा. म्हणजे चढासाठी गाडीला वजनाच्या सहा टक्के, ९६ किलोचा रेटा हवा. चाकं फिरण्याच्या विरोधाचे अजून ३० किलो धरा. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. गुणाकार करून ७५ ने भागलं की उत्तर येतं साधारण सव्वानऊ अश्वशक्ती. चढ अजून वाढवा, दहा टक्के करा, रस्ता खराब धरा आणि वेग १५ वर आणा. तरी बारा अश्वशक्तीच्या आतच काम होतं. गिअरबॉक्स आणि ॲक्सलमध्ये वाया जाणारा भाग मिळवला तर इंजिनने चौदा-पंधरा घोडे द्यायला हवेत.

६२ पैकी फक्त १५. लेहपासून खारदुंगला सुमारे ४० किलोमीटर आहे आणि चढ साधारण १,८५० मीटरचा, म्हणजे सरासरी पाच टक्केही नाही. मग तिथे जुन्या गाड्या धापा का टाकतात?

हवा कुठे जाते

उंचीवर हवेतला ऑक्सिजनचा वाटा कमी होत नाही. तो इथेही २१ टक्के आणि खारदुंगलाही २१ टक्केच. कमी होते ती हवाच. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, इथला हवेचा दाब ९६० मिलिबारच्या घरात. खारदुंगला तो ५२० ते ५२५ वर येतो. इंजिन हवा मापून घेतं ती लिटरमध्ये, पण डिझेल जाळायला लागते ती किलोमध्ये. कागदावरच्या हिशोबाने आपलं २,११२ सीसीचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर सुमारे ३,१७० लिटर हवा आत ओढतं. सोलापुरात त्या हवेचं वजन साडेतीन किलोच्या जवळ भरतं आणि खारदुंगला जेमतेम दोन किलो. जेवढी हवा कमी तेवढं इंधन कमी जळणार आणि तेवढीच ताकद कमी होणार.

यात एक गंमत आपल्या गावाची आहे. हवा तापली की तीही विरळ होते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, कंपनीने ज्या हवेत ताकद मोजली तिच्या तुलनेत, सोलापुरातच इंजिनाने जवळजवळ दहावा हिस्सा गमावलेला असतो. होटगी रोडवर दुपारी एक वाजता गाडी मठ्ठ वाटते, ती तुमची शंका नसते. खिंडीतली थंडी त्या मानाने थोडी परतफेड करते, पण थोडीच.

ढोबळ नियम असा की टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला तीन टक्के ताकद गमावतं. खारदुंगलापर्यंत हा आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास जातो. हवेच्या घटीपेक्षा ताकदीची घट थोडी जास्तच असते, कारण इंजिनाचं स्वतःचं घर्षण कमी होत नाही. पिस्टन, बेअरिंगा, पाण्याचा पंप, पंखा, डायनॅमो यांना लागणारी ताकद खाली जितकी तितकीच वर. आमदनी निम्मी झाली आणि घरभाडं तेवढंच राहिलं, तसला प्रकार. टर्बोवाल्या गाड्या हवा दाबून आत ढकलतात म्हणून त्यांना हा त्रास कमी होतो.

म्हणजे ६२ चे राहिले तीस, आणि लागतात पंधरा. गणितात अजूनही गाडी चढतेच आहे.

गिअरमधला खड्डा

अडचण अशी की ते तीस घोडे इंजिन जोरात फिरत असतानाच मिळतात. कंपनी जी ताकद छापते ती वरच्या फेऱ्यांची, या इंजिनात मिनिटाला साडेचार हजारांच्या आसपासची. डिझेलचा पीळ, म्हणजे टॉर्क, बऱ्यापैकी सपाट असतो. त्यामुळे १,५०० फेऱ्यांवर ताकद साधारण एक तृतीयांशच हाती येते. तीसचे झाले दहा, आणि चढाला हवेत पंधरा. इथे गाडी मरते.

खाली सोलापूर-पुणे रस्त्यावर आपल्याला सवय असते ती फेऱ्या कमी ठेवून पिळावर गाडी ओढण्याची. तेवढं डिझेल वाचतं आणि आवाजही कमी. घाटातही तिसऱ्यावर ओढून घेतली तरी चालते, कारण हवा भरपूर आहे. उंचीवर हीच सवय घात करते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालली आहे, समोर वळण आलं, वेग उतरला, फेऱ्या १,५०० च्या खाली गेल्या. आता पाय कितीही दाबा, काळा धूर निघेल, गाडी पुढे येणार नाही. पहिला टाकायला क्लच दाबला तर तेवढ्या क्षणात गाडी उभी. पहिला पडला तरी त्या वळणावर भरल्या वजनाने उठायला इंजिनात जोर नाही. मग रेस देऊन अर्धा क्लच धरायचा, आणि मिनिटाभरात तो ओळखीचा जळका वास येतो.

मी याला गिअरमधला खड्डा म्हणतो. दुसरा फार जड आणि पहिला उठवायला अवघड, अशी मधली जागा. खिंडीत बंद पडलेल्या जुन्या गाड्यांच्या गोष्टींत दोष इंजिनाच्या माथी मारला जातो, पण बऱ्याच गाड्या या खड्ड्यात अडकलेल्या असतात.

आणि या खड्ड्यावरचा इलाज फोर बाय फोर गाडीत कारखान्यातूनच बसवून येतो. बहुतेक मालक मात्र तो वर्षानुवर्षं हलवतही नाहीत.

फोर-लो चिखलासाठीच असतो, ही समजूत

मुख्य गिअरच्या शेजारचा छोटा लिव्हर म्हणजे ट्रान्सफर केसचा, गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला पोचवणाऱ्या पेटीचा. त्यात टू-हाय, फोर-हाय, न्यूट्रल आणि फोर-लो अशा जागा असतात. टू-फोर म्हणजे किती चाकं ओढणार, हाय-लो म्हणजे गिअर नेहमीचे की हलके. जुन्या जीपच्या घराण्यात लो रेंजचं गुणोत्तर २.४६ ला एक असं असतं, म्हणजे सगळे गिअर जवळजवळ अडीचपट हलके होतात. जिप्सीतही लो रेंजची सोय आहे, गुणोत्तर वेगळं इतकंच. ज्या फेऱ्यांवर पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी २५ ने धावली असती, त्याच फेऱ्यांवर लोमध्ये ती १० ने चालते आणि चाकावर रेटा अडीचपट पोचतो. ताकद एक घोडाही वाढत नाही. पण इंजिन जिथे ताकद देतं त्या फेऱ्यांवर ते फिरत राहतं, आणि वेग चढाला परवडेल एवढा राहतो. उंचीने इंजिनातलं निम्मं काढून घेतलं, लो रेंजने चाकावर अडीचपट परत केलं. हिशोब करून पाहा, सोलापुरातल्या पहिल्या गिअरपेक्षा खारदुंगलावरच्या लो-पहिल्यात चाकाला रेटा जास्तच मिळतो.

शिवाय लोमध्ये दुसरा आणि तिसरा गिअर अगदी या वेगांसाठी केल्यासारखे बसतात. वळणाला लो-दुसरा, सरळ चढाला लो-तिसरा. क्लचवर उभं राहायची वेळ येत नाही.

आता यातली खरी मेख. या जुन्या गाड्यांत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा गिअर, नसतो. फोर-हाय असो की फोर-लो, पुढची आणि मागची चाकं ट्रान्सफर केसमधून एकमेकांना जखडली जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा लांबचा फेरा मारतात. खडी, माती, बर्फ असेल तर चाक थोडं घसरून हिशोब जुळवून घेतं. कोरड्या डांबरावर ते घसरू शकत नाही. मग पीळ साचत जातो तो शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, क्राऊन-पिनियनमध्ये. स्टिअरिंग जड होतं, लिव्हर काढायला गेलं तर निघत नाही, आणि शेवटी जे सगळ्यात कमजोर असेल ते तुटतं. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्सची एकवीस वळणं कोरड्या डांबरावर फोर-लोमध्ये घेणं म्हणजे ॲक्सलची परीक्षाच.

मग करायचं काय? पुढच्या चाकांच्या हबकडे बघा. जिप्सीला आणि बऱ्याच जुन्या जीपना तिथे हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब असतात, एका जागी लॉक आणि एका जागी फ्री. हब फ्री ठेवून लिव्हर फोर-लोवर टाकला तर पुढचा शाफ्ट नुसता फिरतो, चाकं जखडली जात नाहीत, आणि हाती येतो टू-लो, म्हणजे मागच्या दोन चाकांवर लो रेंज. कोरड्या डांबरी चढाला हेच हवं. फक्त एक भान ठेवा. अडीचपट पीळ आता एकट्या मागच्या ॲक्सलवर जातो आहे, त्यामुळे क्लच झटक्याने सोडायचा नाही आणि चाक खड्ड्यात अडकलेलं असताना जोर लावायचा नाही. खारदुंगलाच्या अलीकडे, लेहच्या बाजूला असलेल्या साउथ पुल्लूच्या पुढे उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहतं, रस्ता उखडलेला असतो. तिथे खाली उतरून हब लॉक करा आणि सरळ फोर-लो वापरा.

लो रेंज चालत्या गाडीत टाकायचा नाही. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून, लिव्हर ठाम हाताने ओढायचा. पडला नाही तर गाडी वीतभर पुढे-मागे करायची. आणि हे वळणात अडकल्यावर नव्हे, चढ सुरू व्हायच्या आधी सपाट जागा बघून करायचं.

धूर काय सांगतो

डिझेल गाडीत चालकाच्या समोर एक फुकटचं मीटर असतं, ते म्हणजे आरशात दिसणारा धूर. पाय पूर्ण दाबला की पंप ठरलेलं डिझेल टाकतोच, आत हवा किती आहे याची त्या जुन्या पंपाला पर्वा नसते. हवा निम्मी, डिझेल पूर्ण, मग उरलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. त्या काळ्या धुराने एक घोडाही वाढत नाही. वाढते ती सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराची उष्णता, आणि तिने व्हॉल्व्ह व पिस्टन हैराण होतात. म्हणून चढावर पाय धूर सुरू होईपर्यंत दाबायचा आणि मग किंचित मागे घ्यायचा. धूर विरळ झाला आणि वेग तोच राहिला, तर वरचा सगळा पाय वायाच जात होता.

काही जण पंप-नोझलवाल्याकडून डिझेलची कमाल मात्रा थोडी उतरवून घेतात. ते चुकीचं नाही, पण मला ते फारसं गरजेचं वाटत नाही. पायावर ताबा असला की तोच पंपाच्या स्क्रूचं काम करतो, आणि हजारभर किलोमीटर सपाट रस्ता कापताना गाडी उगाच मठ्ठ होत नाही.

पांढरा धूर वेगळा. पहाटे मनाली-लेह वाटेवरच्या सार्चूसारख्या ४,२०० मीटरच्या पुढच्या जागी गाडी सुरू करताना तो दिसतो. हवा थंड आणि विरळ असल्याने दाबूनही पुरेशी तापत नाही, डिझेल पेटत नाही आणि वाफेसारखं बाहेर पडतं. प्यूजोच्या या इंजिनाला हीटर प्लग, म्हणजे सुरू करण्याआधी सिलिंडर तापवणारे प्लग, लागतातच. सोलापुरात चारपैकी दोन जळालेले असले तरी गाडी सुरू होते, म्हणून कुणी बघत नाही. निघायच्या आधी चारही तपासा आणि बॅटरी नवी घ्या. निळा धूर दिसला तर मात्र तो उंचीचा नाही. इंजिन ऑइल पितं आहे, आणि ते काम निघण्याआधीच करून घ्यायचं होतं.

एअर फिल्टर ही सगळ्यात स्वस्त ताकद. आधीच हवा कमी, त्यात त्याच वाटेवरच्या मोरे मैदानाची धूळ फिल्टरवर बसली तर इंजिनाच्या नाकावर हात ठेवल्यासारखं. रोज संध्याकाळी झटका.

पेट्रोलवाल्यांसाठी. इंजेक्शनची जिप्सी, म्हणजे २००० सालानंतरची, सेन्सरच्या जोरावर हवेप्रमाणे पेट्रोल कमी करते. ताकद घटते, पण मिश्रण बिघडत नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या जिप्सीचं तसं नसतं. कार्ब्युरेटर हवेचा ओघ जाणतो, तिचं वजन जाणत नाही. त्यामुळे खारदुंगलावर मिश्रण सोलापूरच्या तुलनेत सव्वापट पेट्रोलाळ होतं. गाडी गचके देते, प्लग काळे पडतात, आयडलिंगला बंद पडते. लेहला पोचल्यावर लहान मेन जेट बसवायचा, मिश्रणाचा स्क्रू थोडा आवळायचा, आयडलिंग वाढवायचं. पण खाली उतरताना हे सगळं पूर्ववत करायला विसरू नका. वरचा जेट घेऊन तुम्ही पंजाबच्या उन्हात ताशी ८० ने गेलात तर पेट्रोल कमी पडून व्हॉल्व्ह जळतात.

पेट्रोलची आणखी एक खोड अशी की दाब कमी झाला की ते लवकर वाफ होतं. गरम इंजिनाला खेटून बसलेल्या मेकॅनिकल पंपात वाफ अडकली की चढावरच गाडी बंद. उपाय जुनाच, पंपावर ओलं फडकं आणि थोडा धीर.

एका झाकणाची गोष्ट

पाणी सोलापुरात जवळजवळ ९९ अंशांना उकळतं. खारदुंगलावर उघड्या भांड्यात ते ८२-८३ अंशांना उकळतं. म्हणूनच तिथे कुकरशिवाय भात नीट शिजत नाही. आता बघा, इंजिनाचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडतोच मुळी ऐंशीच्या पुढे. म्हणजे इंजिन नेहमीच्या तापमानावर असताना तिथे रेडिएटर उकळायलाच हवा. तो उकळत नाही ते रेडिएटरच्या झाकणामुळे.

झाकणातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, आणि दाबाखाली पाणी उशिरा उकळतं. सात पौंडाचं झाकण असेल तर सोलापुरात पाणी ११० अंशांच्या आसपास उकळेल, खारदुंगलावर सुमारे शंभरला. तेरा पौंडाचं असेल तर वरही ११० अंशांपर्यंत सवड मिळते. पण झाकणाचं रबर कडक होऊन चिरलेलं असेल तर दाब धरलाच जात नाही, आणि तुम्ही पुन्हा ८३ वर. पन्नास-शंभर हजार रुपये इंजिनावर खर्चणारा माणूस हे झाकण वीस वर्षं बदलत नाही, हे मला कधी कळलेलं नाही. फक्त जुन्या रेडिएटरला एकदम मोठ्या पौंडाचं झाकण बसवू नका, सांधे फुटतात. गाडीला जे सांगितलं आहे तेच घ्या, पण नवं घ्या.

इथे वेगाचाही संबंध आहे. वर हवा थंड असली तरी विरळ असल्याने पंख्यातून जाणारी हवा कमी उष्णता उचलते. त्यात गाडी हळू, फेऱ्या जास्त, वारं मागून. काटा वर सरकला तर गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवा, इंजिन चालू ठेवा, फेऱ्या थोड्या वाढवा. आणि झाकण गरम असताना उघडू नका. खाली चटका देणारं पाणी वर दाब सुटताच तोंडावर फवाऱ्यासारखं येतं. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी घातलेलं असेल तर उकळणंही लांबतं आणि रात्री गोठण्याची भीतीही राहत नाही.

उतरणं

चढाची चिंता सगळे करतात. जुन्या गाडीत मला उताराची जास्त वाटते. चढताना इंजिन दमलं तर गाडी थांबते, उतरताना ब्रेक दमले तर थांबत नाही.

१,६०० किलोची गाडी १,८५० मीटर खाली आणायची म्हणजे जी ऊर्जा जिरवायची ती जवळपास ९० लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी असते. तिचा मोठा वाटा रस्ता आणि इंजिन घेऊ शकतात, पण तुम्ही गिअर त्यासाठी ठेवला असेल तरच. नाहीतर सगळं ड्रमवर. ड्रम तापून फुगतो, लायनर चकाकतात, पॅडल दाबलं जातं पण पकड येत नाही. जुनं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पीत राहतं, त्याचा उकळबिंदू घसरतो आणि वाफ धरली की पॅडल थेट तळाला. दोन वर्षांपेक्षा जुनं ऑइल असेल तर सोलापुरातच बदला.

ज्या गाड्यांना ब्रेकचा बूस्टर आहे त्यांच्याबाबत फारसं कुणी सांगत नाही असं एक आहे. बूस्टर चालतो तो बाहेरच्या हवेच्या दाबावर. एका बाजूला पोकळी, दुसऱ्या बाजूला हवा, आणि हवा पडद्याला ढकलते. खिंडीत बाहेरच्या हवेचा दाबच निम्मा, त्यामुळे मदतही जवळपास निम्मी. ब्रेक खराब झालेले नसतात, पाय जास्त जोराने दाबावा लागतो इतकंच. हे आधी माहीत असेल तर पहिल्या वळणावर छातीत धस्स होत नाही.

ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, हा ट्रकवाल्यांचा नियम इथेही खरा. पण विरळ हवेत इंजिनाचा अडसरही थोडा कमी पडतो, म्हणून तीव्र उताराला एक गिअर खालचा बरा. लो-दुसऱ्यात गाडी बैलगाडीच्या गतीने उतरते, मागून हॉर्न वाजतात, वाजू द्या. न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा विचारही नको. आणि अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर थांबायचं आपण. चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम आहे आणि वर सांगितलेला गिअरचा खड्डा आठवला तर तो का आहे हेही कळेल.

टायरची हवा हा किरकोळ पण गमतीचा मुद्दा. बाहेरचा दाब कमी झाला की टायर फुगतो. सोलापुरात भरलेले २८ पौंड नुसत्या उंचीने ३४ वर गेले असते. पण चाळीस अंशांतून पाच अंशांत गेल्यावर आतली हवा आकसते आणि काटा तिशीच्या आसपास थांबतो. म्हणजे काही करायची गरज नाही.

माणसाच्या फुप्फुसालाही टर्बो नाही. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. लेहला पोचल्यावर किमान दोन रात्री तिथेच काढून मग खिंडीकडे बघा. श्वास लागणं, तोल जाणं, बरळणं सुरू झालं तर वाट बघायची नाही, खाली उतरायचं.

वाट कुठली

सोलापूरकराचं एक नशीब म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५२. कर्नाटकातल्या अंकोल्यापासून पंजाबातल्या संगरूरपर्यंत जाणारा हा रस्ता आपल्या दारातून जातो. तुळजापूर, बीड, छत्रपती संभाजीनगर, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर, हिसार. दिल्ली लागतच नाही, आणि जुन्या डिझेलला तेच बरं. दिल्ली आणि राजधानी परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश आहेत. त्यांची अंमलबजावणी बदलत असते, आणि हरियाणातला जींद जिल्हाही त्या परिसरात मोडतो. हिसारच्या पुढे कुठून जायचं हे निघताना ताजा नियम बघून ठरवा. पंधरा वर्षांची मुदत संपलेली एमएच १३ असेल तर नूतनीकरण, विमा, पीयूसी हे सगळं हातात असल्याशिवाय राज्याबाहेर काढू नका.

पुढे माझं मत स्पष्ट आहे. जुन्या गाडीने श्रीनगरकडून चढा आणि मनालीकडून उतरा. श्रीनगरच्या वाटेवर जोजिला ३,५२८ मीटर, नमिका ला ३,७०० आणि फोटू ला ४,१०८, असं पायरी-पायरीने वर जाता येतं. माणूसही रुळतो, गाडीचे आजारही कळतात, आणि कारगिलसारख्या गावात मिस्त्री मिळतो. मनालीकडून ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांग टळतो खरा, पण त्यानंतर बारालाचा ४,८९० मीटर, मग लाचुंग ला पाच हजारांच्या पुढे, मग तांगलांग ला ५,३२८, आणि मधल्या वस्त्याही चार हजारांच्या वरच. न रुळलेल्या माणसाला आणि न तपासलेल्या गाडीला ही वाट कठीण. नाले सकाळी लवकर ओलांडा. दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं, आणि पाण्यात बंद पडलेल्या जुन्या डिझेलच्या आत पाणी गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आधी सराव करायचा तर आपल्या जवळ तुळजापूरचा घाट आहे. पंचेचाळीस किलोमीटरवर, छोटासा. तिथली हवा काही शिकवणार नाही, पण हात-पाय शिकतील. पूर्ण सामान भरून जा, पहाटे, गर्दी नसताना. आधी मुद्दाम एक गिअर वरचा ठेवून चढा आणि इंजिन दबायला लागतं तेव्हाचा तो जड, घुमणारा आवाज कानात बसवा, कारण खिंडीत तोच आवाज दहा सेकंद आधी सूचना देतो. मग खाली या, पायथ्याच्या सपाट कच्च्या जागी हब फ्री आणि लॉक करून बघा, लो रेंज टाका-काढा. हब गंजून फिरत नसतील तर ते इथेच कळलेलं चांगलं. चढावर हँडब्रेक लावून थांबा आणि लो-पहिल्यात क्लच न जाळता उठा. एक जण खाली उतरून चाकाला लाकडी ठोकळा लावायचा सराव करू दे. उतरताना लो-दुसऱ्यात ब्रेकला पाय न लावता पायथ्यापर्यंत या आणि मग ड्रमजवळ हात धरून बघा. चारही सारखेच कोमट असायला हवेत. एखादं चाक चटका देत असेल तर तिथला ब्रेक धरून बसला आहे. गाडी अक्कलकोट रोडच्या तुमच्या मिस्त्रीकडे न्या आणि तेवढं काम झाल्यावरच धुळ्याच्या दिशेने निघा.